तीन खाचांची रिंग: ८ एप्रिल २०२४च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या प्रकल्प नोंदी

२ ऑक्टोबर २०२३, सोमवार. सातारा

मे महिन्यात कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधून निवृत्त झालो. लेक डॅलसजवळ राहते. खग्रासाचा पट्टा तिच्या घराजवळून जातोय हे कळल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. व्हिसा आधीचाच आहे, त्यामुळे तो घोर नाही.

आजवरचा हिशेब असा. १६ फेब्रुवारी १९८०ला पट्टा कारवारवरून गेला. साताऱ्यात खंडग्रास होतं, पण आजीनं दारं-खिडक्या लावून आम्हाला घरात कोंडलं. २२ जुलै २००९ला मुद्दाम सुरतेकडे गेलो, ढगांखाली तीन मिनिटं अंधार बघून परत आलो. वय ५८, खग्रास शून्य.

नुसते सुंदर फोटो हजारो लोक काढतील. मला काहीतरी मोजायचंय. सूर्याभोवतालच्या कोरोनाचा आतला उजेड मोकळ्या इलेक्ट्रॉनवर विखुरलेला असतो, त्यामुळे तो ध्रुवित, म्हणजे पोलराइझ्ड असतो (लहरींचं कंपन एका दिशेत जास्त). धुळीवरून येणारा तसा नसतो. लेन्सपुढे पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेच्या कंपनाचा उजेड सोडणारी काच, ठेवून ०, ६० आणि १२० अंशांवर फोटो घेतले की कुठला भाग किती पोलराइझ्ड आहे ते गणितानं काढता येतं. तीन कोन, बस्स. वाचायला सोपं आहे.

शेजारचा डिप्लोमाचा मुलगा म्हणाला, "काका, आदित्य-एल१ गेलंय की गेल्या महिन्यात. मग तुम्ही कशाला?" भारताचं ते यान सूर्याच्याच अभ्यासाला गेलंय, तेव्हा खरं उत्तर हौस हेच आहे.

हाताशी आहे ते: जुना कॅनन ७००डी आणि ७०-३०० मिमीची लेन्स. ३०० मिमीवर सूर्याचं बिंब सेन्सरवर पावणेतीन मिमीचं पडतं. कोरोनाला भोवती भरपूर जागा उरते, याहून मोठी दुर्बीण नको.

९ ऑक्टोबर

आकाश बघत फिरणारी फळी (बार्न-डोअर ट्रॅकर) करायला घेतली. दोन प्लायच्या फळ्या, एका कडेला पियानो बिजागरी, दुसऱ्या कडेला आट्यांची सळई, सळईला मिनिटाला एक फेरा मारणारी मोटर. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची.

३०० मिमीला ट्रॅकर कशाला, असं दोघांनी विचारलं. चार मिनिटांत सूर्य एक अंश सरकतो, म्हणजे चौकटीच्या उंचीचा तिसरा हिस्सा. शिवाय तीन कोनांचे फोटो एकमेकांतून वजा करायचेत. बिंब दरवेळी वेगळ्या पिक्सेलवर पडलं तर वजाबाकीत सगळी घाण दिसते.

माप: १ मिमी पिचची (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) सळई आणि मिनिटाला एक फेरा, तर बिजागरीपासून सळईपर्यंत २२८.६ मिमी, हे ताऱ्यांच्या वेगासाठी. सूर्यासाठी नेमकं २२९.२, पण अर्ध्या मिमीचा फरक सुताराला सांगण्यात अर्थ नाही.

२८ ऑक्टोबर, कोजागरी

पहिली खरी रात्र, आणि योगायोगानं आजच खंडग्रास चंद्रग्रहण. आतल्या कोरोनाचा उजेड साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतका असतो, म्हणून सरावाला चंद्राइतकं चांगलं काही नाही. जरंडेश्वराच्या बाजूनं चंद्र वर आला, गच्चीवर दूध आटवलं, कॉलनीतली पोरं जमली. वेधांमुळे दूध घ्यायचं की नाही यावर खाली चर्चा चालली होती. पोरांनी निकालाची वाट बघितली नाही.

फळी मात्र फसली. चंद्र चौकटीत मधोमध ठेवला, सात-आठ मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका बाजूला. ध्रुवतारा पुन्हा साधला, तेच. पुन्हा साधला, तेच. रात्री एक वाजून पाच मिनिटांनी चंद्राच्या कडेला सावली लागली तेव्हा मी गुडघ्यांवर बसून बिजागरीचे स्क्रू आवळत होतो. ग्रहण हिनं बघितलं.

३० ऑक्टोबर

दोष सापडला. चौकटीत चंद्राची घसरण नेहमी एकाच दिशेनं होती, पूर्वेला, म्हणजे फळी आकाशाच्या पुढे पळत होती. सळईवर पट्टी ठेवून आटे मोजले. एका इंचात वीस. दुकानदारानं एम-६ (६ मिमी जाडीची, १ मिमी पिचची) म्हणून पाव इंची सळई दिली होती, पिच १.२७ मिमी. फळी २७ टक्के जोरात धावत होती. दोन्ही सळया शेजारी ठेवल्या तरी नुसत्या नजरेला फरक कळत नाही, आणि पाव इंची नट एम-६वर दोन आटे चढतोसुद्धा.

सळई नव्वद रुपयांची. तीन आठवडे गेले. विकत घेतानाच पट्टीवर आटे मोजा.

२२ नोव्हेंबर

दिवाळीत काही झालं नाही.

एम-६ सळई बसवली, फळी आता सरळ चालते. चंद्र पंधरा मिनिटं जागेवर. समाधानानं लेकीला व्हिडिओ पाठवला. जावयांचा प्रश्न आला, "बाबा, मोटर कुठल्या करंटवर आहे?"

मोटर सिंक्रोनस, २३० व्होल्टची. तिकडे १२० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज चढवता येईल, पण या मोटरचा वेग ठरतो फ्रिक्वेन्सीवर. आपल्याकडे ५० हर्ट्झ, तिकडे ६०. म्हणजे पुन्हा २० टक्के जोरात. आणि माळरानात प्लग कुठून आणणार होतो, हेही आजवर सुचलं नव्हतं. तीस वर्षं पोरांना एसी-डीसीचे प्रयोग लावून दिले मी.

बदल: २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर (टप्प्याटप्प्यानं फिरणारी) मोटर, तिचा ड्रायव्हर आणि तिला हुकूम देणारा आर्डुइनो हा छोटा बोर्ड. पाच व्होल्ट, पॉवर बँकेवर चालते. शेजारच्या मुलानं प्रोग्रॅम तासाभरात लिहिला. एका फेऱ्याला २०४८ स्टेप्स सगळीकडे लिहिलेल्या असतात, प्रत्यक्षात आतल्या गिअरमुळे २०३८च्या जवळ पडतात. अर्ध्या टक्क्याचा फरक आहे, आपल्या कामाला चालतो.

५ डिसेंबर

आता मुख्य काम, पोलरायझर फिरवणारी रिंग. हातानं अंदाजे फिरवून चालणार नाही, कारण खग्रासात अंधार असेल आणि हात थरथरत असतील. कोन खाचेत बसले पाहिजेत. एमआयडीसीत एक लेथवाले मिस्त्री आहेत, लॅबचे स्टँड त्यांच्याकडूनच दुरुस्त व्हायचे. कागदावर चित्र काढून दिलं: ॲल्युमिनियमची रिंग, बाहेरून गोळी आणि स्प्रिंग, ०-६०-१२० अंशांवर तीन खाचा.

"कशाचा फोटो म्हणायचा, सर?"

"कोरोनाचा."

"गेला की आता तो. आता कशाला फोटो?"

१२ डिसेंबर

रिंग मिळाली. ६०० रुपये. मिस्त्रींनी खाचा १२० अंशांवर पाडल्यात, वर्तुळाचे सरळ तीन भाग करून. मी तिथंच आवाज चढवला. चित्र दाखवलं, कोनमापक ठेवून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "तीन सांगितलं, तीन केलं. डिव्हायडिंग हेडवर तीनच सोपं पडतं."

घरी येऊन रागारागात चहा पिताना लक्षात आलं. पोलरायझर १८० अंशांनी फिरवला की पुन्हा तसाच होतो. म्हणजे २४० म्हणजेच ६०. मिस्त्रींची रिंग बरोबर आहे, उलट जास्त चांगली: खाचा लांब लांब असल्यानं चुकून शेजारच्या खाचेत जायची भीती कमी, आणि एकाच दिशेनं फिरवत राहायचं.

संध्याकाळी परत गेलो, माफी मागितली. त्यांना कशाबद्दल ते नीट कळलं नाही. जाताना एक विनंती केली की स्प्रिंग थोडी मऊ करा, फिरवताना धक्का बसतो. "मऊ केली की खाच लागली का नाही ते बोटाला कळायचं नाही," म्हणाले, आणि नाही केली.

२६ डिसेंबर, दत्तजयंती

पौर्णिमा. चंद्रावर पूर्ण तालीम, सौर फिल्टरच्या टोपीसकट. फिल्टर म्हणजे बाडरची ओडी ५ची फिल्म, उजेड लाखाचा एक भाग करणारी. ती पुठ्ठ्याच्या नळीत मी ताणून, ढोलकीसारखी चिकटवली होती. तेच चुकलं. फिल्म सैल, सुरकुतलेलीच ठेवायची असते, ताणली की प्रतिमा बिघडते. पुन्हा केली.

टोपी घट्ट होती. ओढताना रिंग फिरली, रिंगबरोबर फोकस फिरला, कारण या लेन्समध्ये फोकस फिरवला की पुढची काचच फिरते. उपाय दोन. फोकस साधला की त्यावर चिकटपट्टी. आणि टोपी आतून मखमलीच्या पट्टीवर सैल बसवायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून बाजूला दोरा. टोपी असताना आणि नसताना काय करायचं ते मोठ्या अक्षरात फळीवर लिहिलं. हे गमतीत घेऊ नये: टोपी काढल्यावर खग्रासाबाहेर व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर डोळा गेला. आमच्याकडे अजून लोक एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काच काढतात. ती चालत नाही.

१० जानेवारी २०२४

खाचा किती अचूक आहेत ते बघायची युक्ती: लॅपटॉपचा स्क्रीन. एलसीडीतून येणारा उजेड पोलराइझ्ड असतो. स्क्रीन पांढरा केला, खाच एकवर असताना चित्र पूर्ण काळं होईल असा कॅमेरा तिरका केला. मग उरलेल्या दोन खाचांवर उजेड कमाल उजेडाच्या पाऊणपट, दोन्हीकडे सारखा यायला हवा.

आला ०.७१ आणि ०.७९. म्हणजे अडीच अंशांची चूक. आधी मिस्त्रींवर संशय घेतला (सवय), पण खाचा चोख निघाल्या. पोलरायझर रिंगमध्ये सैल होता, फिरवताना मागे राहत होता. तीन थेंब अॅरल्डाइट. पुन्हा मोजलं: ०.७५, ०.७५. हा दिवस छान गेला.

२६ जानेवारी

काल शाकंभरी पौर्णिमा. पूर्ण चंद्राचा उजेड जवळपास पोलराइझ्ड नसतो, त्यामुळे ही शून्याची परीक्षा. खाच क्र. १, २, ३चे आकडे क, ख, ग धरले तर पहिला घटक (२क−ख−ग), दुसरा √३(ख−ग). दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, भागिले (क+ख+ग). उत्तर, म्हणजे पोलरायझेशनचं प्रमाण, शून्याजवळ यायला हवं.

आलं २८ टक्के.

रात्री दोनपर्यंत आकडे पुन्हा पुन्हा टाकले. ही दोनदा वर येऊन गेली. तिसऱ्यांदा दिवा घालवूनच गेली.

२८ जानेवारी

गुन्हेगार सापडला, मीच. लेन्सच्या कडेचा अंधार आणि धुळीचे डाग काढायला सपाट उजेडाचे फोटो (फ्लॅट) घ्यावे लागतात. ते मी दुपारी गच्चीवरून उत्तरेच्या निळ्या आकाशाचे घेतले होते. निळं आकाश, सूर्यापासून काटकोनात, स्वतःच चांगलं पोलराइझ्ड असतं. आकाशाचं पोलरायझेशन मी चंद्रावर लादलं होतं.

पोवई नाक्याजवळच्या बोर्डवाल्याकडून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणला, मागं दोन थर ट्रेसिंग पेपर. त्यातून फ्लॅट घेतले. पूर्ण चंद्र आता एक टक्क्यावर. तुकड्याचे त्यानं पैसे घेतले नाहीत.

१६ फेब्रुवारी

अर्धा चंद्र. याचा उजेड खरोखर थोडा पोलराइझ्ड असतो. सात टक्के आला, आणि चंद्रावरचे काळे डाग उजळ भागापेक्षा जास्त. असंच यायला हवं. चार महिन्यांत पहिल्यांदा यंत्रानं मला काहीतरी सांगितलं, मी यंत्राला नाही.

३ मार्च

शेजारचा मुलगा गच्चीवर सहज म्हणाला, "काका, तिकडं पण ध्रुवतारा एवढाच खाली असतो का?"

फळी ज्या लाकडी पाचरीवर बसते ती सुताराकडून १७.७ अंशांत कापून घेतली होती, सातारच्या अक्षांशाला. टेक्ससमध्ये ध्रुवतारा ३२ अंशांवर. पाच महिने मी बिजागरीचा कोन रोज बघत होतो.

नवी पाचर: दोन फळ्या, बिजागरी आणि मध्ये लांब बोल्ट, हवा तो कोन लावता येतो. ३५० रुपये. पहिल्याच दिवशी अशी करायला हवी होती.

२४ मार्च, होळी

घड्याळ लावून शेवटची तालीम. ७००डी आपणहून तीनच एक्स्पोजर लागोपाठ घेतो. मला सहा हवेत: १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद, आयएसओ २००, एफ/८. कारण सूर्याच्या कडेजवळचा कोरोना आणि दूरचा कोरोना यांच्या उजेडात शेकडोपट फरक असतो. म्हणून लॅपटॉपवरून जीफोटो२ या प्रोग्रॅमनं कॅमेरा चालवायचा. सहा फोटोंना ३१ सेकंद लागत होते, कारण प्रत्येक रॉ फाइल केबलमधून लॅपटॉपवर येत होती. फाइल कार्डावरच ठेवायला सांगितल्यावर १४ सेकंद.

म्हणजे तीन खाचांची एक फेरी चोपन्न सेकंदांत, रिंग फिरवण्यासकट. दोन फेऱ्या करायच्या, १०८ सेकंद. उरलेला वेळ मान वर करून बघायचा. खाच बदलली की आकडा मोठ्यानं म्हणायचा, फोन रेकॉर्डिंगवर. खाली होळीच्या बोंबा चालू असताना मी वर "एक… दोन… तीन" म्हणत होतो. कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

२८ मार्च, मुंबई विमानतळ

२२ जानेवारी १८९८ला खग्रासाचा पट्टा विजयदुर्गावरून चढत कऱ्हाडच्या बाजूनं सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरकडे गेला होता. विजयदुर्गावर इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ लॉकियर आले होते, जेऊरला पुण्याचे नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळी. तेव्हा ते जहाजानं काचा घेऊन आमच्या जिल्ह्याच्या आसपास आले. मी कंदी पेढे आणि प्लायवूड घेऊन उलटा निघालोय.

सळई आणि फळ्या चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक आणि कॅमेरा हातात. रिंग खिशात.

३१ मार्च, डॅलसजवळ

बॅग वाटेत उघडून पाहिलेली होती, आत तशी चिठ्ठी. बिजागरीचा एक स्क्रू गायब. दोन डॉलरला स्क्रूचं अख्खं पाकीट मिळालं, पण सगळे इंची. पुन्हा आटे मोजले.

कॅमेऱ्याचं घड्याळ अजून सातारच्या वेळेवर होतं. फोनवरच्या जीपीएस घड्याळाचा फोटो काढून ठेवला, म्हणजे नंतर सेकंदाचा फरक काढता येतो.

६ एप्रिल

आठवडाभर एकच बोलणं, ढग. एप्रिलमधल्या हवामानाच्या जुन्या नोंदींवरून मेक्सिको आणि टेक्सस सगळ्यांत चांगले आणि वरचा ईशान्य कोपरा सगळ्यांत वाईट, म्हणून जग इकडे आलंय. अंदाज नेमका उलटा: तिकडे स्वच्छ, इथे ढग. २००९ आठवलं. लेक म्हणाली, "बाबा, विमानानं जायचं का वर?" तिकिटांचे भाव बघून गप्प बसलो.

८ एप्रिल, सोमवार

पहाटे पाचला निघालो. हायवेनं दक्षिणेला, हिल्सबरोच्या अलीकडे. मधल्या रेषेजवळ गेलं की डॅलसमधल्या पावणेचारऐवजी सव्वाचार मिनिटांहून जास्त मिळतात. एका मोकळ्या मैदानात गाडीमागे २० डॉलर घेऊन उभं राहू देत होते.

दिवसा ध्रुवतारा दिसत नाही. उत्तर दिशा फोनच्या होकायंत्रावरून घेतली. साताऱ्यात ती जवळजवळ खरी असते, इथे सुई दोन-अडीच अंश पूर्वेला सरकलेली, ती वजाबाकी करून. पाचर ३२वर. सूर्य ६५ अंशांहून वर असल्यानं कॅमेरा जवळजवळ आकाशाकडे तोंड करून. लॅपटॉपचा स्क्रीन उन्हात दिसेना, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला.

हिच्याकडे थर्मामीटर आणि वही, दर मिनिटाला सावलीतलं तापमान.

साडेबाराच्या आत सूर्याला कड लागली. ढग येत होते, जात होते. पातळ, वरचे. एकला ऊन फिकं पडलं, पण संध्याकाळसारखं पिवळं नाही, ट्यूबलाइट म्हातारी झाल्यासारखं. हाताची सावली इतकी धारदार की मनगटावरचा एकेक केस मोजावा. दीडला ही म्हणाली, "अहो, गार लागतंय." २७.५वरून २४वर.

फळी चालू केली. दीड वाजून गेल्यावर नैऋत्येकडचं आकाश निळंकाळं झालं आणि ते आमच्याकडे आलं. मी घड्याळाकडे बघत होतो. सूर्याचा शेवटचा लखलखता ठिपका, ती हिऱ्याची अंगठी, ग्रहणाच्या चष्म्यातून क्षणभर, मग चष्मा काढला, टोपी काढली, एंटर मारलं.

पहिली फेरी तालमीसारखी झाली. कॅमेऱ्याचा खट्-खट् आवाज, मग रिंग, मग खट्-खट्. दुसरी फेरी सुरू केली आणि मान वर केली. तिथं चुकलो.

सूर्याच्या जागी काळं भोक होतं. त्याच्याभोवती पांढरं काहीतरी, फोटोत दिसतं तसं धुरकट नाही, पिंजलेल्या कापसाच्या ताणलेल्या तंतूंसारखं, सगळ्या बाजूंना. खालच्या कडेला गुलाबी ठिपका, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. उजवीकडे खाली शुक्र, डावीकडे वर गुरू. एक पातळ ढग मधून सरकत गेला आणि कोरोना त्याच्यातूनही दिसत राहिला. मैदानातली माणसं ओरडत होती. मी रिंग फिरवली, एंटर मारलं, पुन्हा फिरवली, एंटर मारलं. एवढं आठवतंय.

मग उजव्या कडेला उजेडाचा टिंब फुटला. टोपी लावली. हात लाकडासारखे.

हिच्या वहीत एक छत्तीसनंतर एक त्रेचाळीसपर्यंत ओळी कोऱ्या आहेत. त्यानंतर २२.९, आणि सर्वांत कमी २२.६ ही नोंद खग्रास संपल्यावर काही मिनिटांनी.

भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून पाडवा लागला होता.

९ एप्रिल, गुढीपाडवा

कार्डाच्या दोन प्रती. टोपी लावून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो (डार्क) आणि दुधी ॲक्रिलिकमधून तिन्ही खाचांचे फ्लॅट, चिकटपट्टी न काढता, काल रात्रीच घेतले. कितीही दमलात तरी हे पुढे ढकलू नका. फोकस हलला की फ्लॅट निरुपयोगी.

१४ मे, सातारा

पहिल्या फेरीचं गणित सुंदर आलं. प्रत्येक खाचेच्या फोटोत कोरोना समोरासमोरच्या दोन बाजूंना उजळ, उरलेल्या दोन बाजूंना मंद, डमरूसारखा. खाच बदलली की डमरू फिरतो. तिन्ही मिळून काढलेली दिशा सूर्याच्या कडेला समांतर येते, सगळीकडे. तशीच यायला हवी. पोलरायझेशन आतल्या भागात २० ते २५ टक्के. बाहेर, कडेपासून दीड त्रिज्येच्या पुढे, ढगाच्या उजेडानं सगळं धुऊन नेलंय, त्यावर भरवसा नाही.

दुसरी फेरी म्हणजे कचरा. दिशा भलतीकडेच. ढगाला दोष दिला आणि दोन आठवडे ढगाची दुरुस्ती करत बसलो. प्रत्येक फोटोतून आकाशाचा उजेड वेगवेगळा वजा करून पाहिला. सुधारणा शून्य.

२० मे

फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. आजवर ऐकलं नव्हतं, स्वतःचा आवाज ऐकायची लाज वाटते. पहिल्या फेरीत स्पष्ट: "एक." खट्-खट्. टक्. "दोन." खट्-खट्. टक्. "तीन." दुसऱ्या फेरीत आकडा एकही नाही. नुसतं "अगं बघ, अगं बघ, वर बघ." पण मागे मिस्त्रींच्या गोळीचा आवाज आहे. खट्-खट्. टक्, टक्. खट्-खट्. टक्. खट्-खट्.

दोन टक् लागोपाठ. एकवरून दोनवर न थांबता मी तीनवर गेलो, तिथून पुन्हा एकवर. दुसऱ्या फेरीत खाच दोन आहेच नाही. फोटो शेजारी ठेवून बघितले असते तर पहिल्या आणि शेवटच्या सहांतला डमरू तसाच्या तसा आहे हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. आकडेमोडीच्या नादात चित्र बघायचंच राहिलं.

आता खाच एक आणि तीनचे दुहेरी फोटो सरासरीला वापरतोय, ढगाचा फरक त्यातून थोडा कळतो. दोनसाठी एकच संच. चालवून घ्यायचं.

२७ मे

खर्च, तिकिटं सोडून: प्लाय, बिजागऱ्या, दोन सळया १,०४०, फुकट गेलेली मोटर ४२०, स्टेपर, ड्रायव्हर, आर्डुइनो ७३०, पोलरायझर १,२५०, रिंग ६००, फिल्टर फिल्म २,८००, नवी पाचर ३५०, किरकोळ पाचशेच्या आत. विमानाचं तिकीट माणशी लाखाच्या वर, ते लेकीला भेटण्याच्या खात्यावर टाकलंय. पुढच्यांसाठी: १२ ऑगस्ट २०२६ला स्पेनमध्ये सूर्य क्षितिजाजवळ असेल, २ ऑगस्ट २०२७ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ जवळजवळ डोक्यावर, आणि सहा मिनिटांहून जास्त वेळ. पाचर फिरती करा.

दुपारी पेढे आणि तीन फोटोंची प्रिंट घेऊन मिस्त्रींकडे गेलो. प्रिंट लांब धरून बघितली, डमरूवर बोट फिरवलं. रेकॉर्डिंग ऐकवलं. टक्, टक्. दोनदा ऐकलं त्यांनी.

"स्प्रिंग मऊ करा म्हणत होता तुम्ही," म्हणाले.

रिंग मागून घेतली, भिंगाखाली धरली. दुसरी खाच एका कडेला झिजलीय म्हणाले, नवीन पाडून देतो, आणि आकडे पण कोरून देतो.

"फुडचं कवा हाय?"

"२०२७ला. इजिप्तमध्ये."

"मग येळ हाय की," म्हणत त्यांनी रिंग खणात टाकली आणि लेथ चालू केला.